बाळंतविड्यात काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

वाचकाचं पत्र

मावशी, मला आठवा महिना लागलाय. पहिलंच बाळ. बाळंतपणाला पुण्याहून माहेरी, साताऱ्याला आलेय. दिवाळीनंतरची तारीख आहे. नवऱ्यानं ऑफिसातल्या मित्रांना विचारून यादी केलीय: सहा बाटल्यांचा संच, बाटल्यांचं स्टरिलायझर, दूध गरम करायचा वॉर्मर, विजेवरचा ब्रेस्ट पंप, पावडरच्या दुधाचा एक डबा ‘असू दे म्हणून’, उशी-लोडांचं बेबी नेस्ट, वॉकर, कार सीट. बेरीज 40 हजारांच्या वर गेली. आई म्हणते, जुनी लुगडी आणि दूध पाजायचं चोचीचं एक बोंडलं, एवढ्यावर तुम्ही दोघं भावंडं वाढलात. सासूबाई म्हणतात, बाळ हातात येईपर्यंत घरात काहीच आणायचं नाही. सगळ्यांचं ऐकून मी गोंधळलेय. रात्री झोप लागत नाही ती मात्र एकाच विचारानं, मला दूध आलंच नाही तर? रजा 26 आठवड्यांची आहे, पुढे कामावर जायचंय. नक्की काय घेऊ?

– एक होणारी आई, सातारा

उत्तर

प्रिय लेकी,

तुझ्या नवऱ्याच्या यादीतली एक वस्तू नक्की घे, दोन नंतर लागल्या तर बघू आणि बाकीच्या खोडून टाक. कोणती वस्तू कुठे बसते ते सांगतेच. पण तुझी झोप दुधाच्या काळजीनं उडालीय, म्हणून आधी दुधाचं बोलू. खरेदीचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

नवजात बाळांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून माझं आयुष्य गेलं, आणि दूध येणार नाही ही भीती मी जवळजवळ प्रत्येक पहिलटकरणीच्या डोळ्यांत पाहिली आहे. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. तो घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा असतो, एका वेळी चमचाभर. बाळाचं पोट त्या दिवसांत एवढंसंच असतं, त्याला तेवढा पुरतो. छाती भरून दूध उतरतं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी. सिझेरियन झालं तर कधी त्याहून एखादा दिवस उशिरा. या मधल्या काळात, बहुतेक दुसऱ्या रात्री, बाळ सारखं रडतं, सारखं अंगावर येतं. तास होत नाही तोवर पुन्हा भूक. खोलीतलं कुणीतरी म्हणतं, ‘हिला दूधच नाही, पोर उपाशी आहे.’ त्या क्षणी पिशवीत बाटली आणि डबा तयार असेल तर तो उघडला जातोच. मग पावडरच्या दुधानं बाळ गाढ झोपतं, पुढच्या दोन वेळा ओढत नाही, आणि जे ओढलं जात नाही ते दूध शरीर बनवत नाही. दोन दिवसांनी खरोखरच कमी पडायला लागतं. ‘असू दे म्हणून’ घेतलेल्या डब्यानं असं केलेलं मी पुष्कळ वेळा पाहिलंय. तुझ्या यादीतली मला सर्वांत नको असलेली वस्तू तीच आहे, वॉकरपेक्षाही.

म्हणून यादीत पहिली नोंद विकत न मिळणाऱ्या गोष्टीची कर. दवाखान्यात नाव घातलंय तिथे पुढच्या तपासणीला तीन प्रश्न विचार. जन्मल्यावर तासाभरात बाळ माझ्या उघड्या छातीवर देणार का? सिझेरियन झालं तरी देणार का? आणि पाजायला शिकवायला रात्रपाळीला कुणी असेल का? पहिल्या चार-पाच वेळा सिस्टरला शेजारी उभं राहून बघायला सांग, लाजू नकोस. बाळानं तोंड मोठं उघडलेलं हवं, नुसतं बोंड तोंडात नको, भोवतीचा काळसर भागही बराचसा आत गेलेला हवा, हनुवटी छातीला टेकलेली हवी. पहिल्या काही ओढींना कळ येते, पण सगळा वेळ दुखत असेल, बोंडांना चिरा पडत असतील, तर पकड चुकतेय. ती त्याच दिवशी सुधारायची असते. चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजणं हे नेहमीचंच आहे, ते दूध कमी असल्याचं लक्षण नव्हे.

दूध पुरतंय का, हे रडण्यावरून ओळखू नकोस. लंगोट मोज. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू व्हायला हवी. आणि वजन बघ. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, घाबरायचं नाही, पण दोन आठवड्यांच्या आत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं आणि मग रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढायला हवं. माता-बाल संरक्षण कार्डात वाढीचा तक्ता असतो, तो भरून घेत जा.

आता बाटलीचं. तुझ्या आईचं बोंडलं मला फार आवडलं, पण तेही आत्ता घासून तयार ठेवायची गरज नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिने पाणीसुद्धा लागत नाही, साताऱ्याच्या उन्हाळ्यातही नाही. कधी गरज पडलीच, म्हणजे बाळ अशक्त आहे, ओढत नाही, तू आजारी आहेस, तर तुझंच काढलेलं दूध स्टीलच्या छोट्या वाटीनं आणि गुळगुळीत काठाच्या चमच्यानं पाज. बोंडलंही चालेल, फक्त त्याची चोच आतून घासली जाते ना ते बघ. चांदीचं, नक्षीचं बोंडलं भेट म्हणून येतं, पण चोचीत दुधाचा थर बसला तर चांदी काही कामाची नाही. पाजताना बाळ अर्धवट बसतं धर, वाटीची कड खालच्या ओठावर टेकव आणि त्याला त्याच्या वेगानं घेऊ दे, ओतू नकोस. वाटी-चमचा पाच मिनिटांत घासून उकळता येतो. बाटलीचं बूच, गळा, आतले कोपरे यांत दूध अडकतं, आणि जुलाब तिथूनच सुरू होतात. शिवाय बाटलीतून दूध न ओढताच येतं, त्यामुळे काही बाळं अंगावर ओढायला कंटाळतात.

आपल्याकडे यासाठी कायदा आहे. 1992 साली झाला, 2003 मध्ये आणखी कडक केला. बाळाचं पावडरचं दूध, दूध पाजायच्या बाटल्या आणि दोन वर्षांखालच्या मुलांसाठीचं डबाबंद खाणं यांची जाहिरात करायला बंदी आहे. आईला त्याचा फुकट नमुना किंवा भेटवस्तू देता येत नाही. तेव्हा दुकानदारानं, दवाखान्यातल्या कुणी किंवा मोबाइलवरच्या एखाद्या ताईनं तुला डबा ‘भेट’ दिला, तर तो कायद्यात बसत नाही एवढं लक्षात ठेव आणि परत कर.

हे सगळं वाचून पावडर देणारी प्रत्येक आई चुकली असं मात्र मनात आणू नकोस. काही जणींना खरंच दूध कमी येतं. बाळंतपणात फार रक्त गेलेलं असतं, थायरॉइडचा त्रास असतो, छातीचं ऑपरेशन झालेलं असतं, काही औषधं चालू असतात. तेव्हा बालरोगतज्ज्ञ जे दूध लिहून देतील ते निःशंक मनानं द्यायचं. फक्त नीट द्यायचं. डब्याबरोबरचाच चमचा, सपाट करून, आणि डब्यावर लिहिलंय तितकंच पाणी. डबा पुरवून वापरावा म्हणून पातळ केलेल्या दुधावर बाळं वाळतात. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत, 70 अंशांखाली उतरायच्या आधी पावडरीत घालायचं, मग भांडं थंड पाण्यात धरून कोमट करायचं आणि मनगटावर थेंब टाकून बघायचं. उरलेलं ओतून द्यायचं. एक वर्षाच्या आत गाईचं-म्हशीचं दूध पाणी घालून देण्याची पद्धत अजून घरोघरी आहे, ती तुझ्या घरी नको. त्या वेळी बाटली घ्यावीच लागली तर एक-दोन पुरतात: रुंद तोंडाच्या, आयएसआय चिन्ह असलेल्या, अगदी सावकाश दूध येणाऱ्या बुचाच्या. उकळायला घरातलं झाकणाचं पातेलं आहे, दहा मिनिटं उकळलं की झालं. स्टरिलायझर आणि वॉर्मर इथेच यादीतून गेले.

पंपावर आत्ता पैसे घालू नकोस. 26 आठवडे म्हणजे सहा महिने, बहुतेक आधीचा एखादा आठवडा बाळंतपणापूर्वीच जाईल. तू कामावर जाशील तेव्हा बाळाचं वरचं खाणं सुरू व्हायची वेळ आलेली असेल. रुजू होण्यापूर्वी महिनाभर आधी ठरव: दिवसाला एकदा-दोनदा दूध काढायचं असेल तर हाताचा पंप पुरतो, रोज तीन-तीनदा काढायचं असेल तर विजेवरचा घे. त्याआधी हातानं दूध काढायला मात्र दवाखान्यातच शीक. छाती दगडासारखी भरली की तीच विद्या कामाला येते, तिला वीजही लागत नाही. काढलेलं दूध झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात घरात चार तास, फ्रीजच्या आतल्या कप्प्यात, दारात नव्हे, एक दिवस ठेवावं. उन्हाळ्यात घरातले चार तासही धरू नकोस.

बाळ अपुऱ्या दिवसांचं आलं, अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं, तर हे चित्र बदलतं. तेव्हा पहिल्या दिवसापासून दूध काढावं लागतं, आणि चांगला पंप पुष्कळदा दवाखान्यातच असतो किंवा भाड्यानं मिळतो. अशा बाळांसाठी इतर आयांनी दिलेलं दूध पुरवणाऱ्या मातृदुग्धपेढ्या आहेत. आशियातली पहिली मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता पुण्यासह अनेक ठिकाणी तशी सोय आहे. दवाखान्यात विचारून ठेव, पण त्याची धास्ती घेऊन बसू नकोस.

आता बाळाला सांभाळायच्या वस्तू. इथे मला गडचिरोलीचं सांगायचंय, कारण ‘अत्यावश्यक’ म्हणजे काय याचं इतकं खणखणीत उत्तर दुसरं नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या खेड्यांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं आणि घरी जन्मणारी बाळं त्यांच्या हाती सोपवली. त्यांच्या पिशवीत थर्मामीटर होता, वजनाचा काटा होता, बाळाला उबेत ठेवायची झोपायची पिशवी होती, श्वास घेत नसलेल्या बाळाला श्वास द्यायचं साधन आणि जंतुसंसर्गावरचं औषध होतं. आणि दूध पाजायला, ऊब द्यायला, धोका ओळखायला शिकवणारी बाई स्वतः होती. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि 2011 पासून हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर सुरू झाली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ बघतात, वजन करतात, ताप बघतात. तुझ्या आईच्या भागातल्या आशाताईंचा फोन आत्ताच घेऊन ठेव. या भेटी फुकट आहेत आणि वॉर्मरपेक्षा कितीतरी मोलाच्या.

त्या पिशवीतली एक वस्तू तुझ्या घरात हवीच: डिजिटल थर्मामीटर. औषधाच्या दुकानात दोन-तीनशेत मिळतो. पाऱ्याचा नको, तो फुटतो. काखेत धरून बघायचा, 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस ठीक. दिवाळीनंतरचा सातारा रात्री चांगला गारठतो, आणि नवजात बाळाला तापाइतकाच गारठाही मारक असतो. तळपाय थंड लागले तर आधी बाळाला स्वतःच्या उघड्या छातीशी घे, वरून शाल, डोक्याला टोपडं. यापेक्षा चांगला हीटर अजून निघालेला नाही, आणि हे काम नवरासुद्धा करू शकतो. त्याला करू दे.

कपड्यांत आईचं सगळं खरं आहे. जुन्या सुती लुगड्यांची, धोतराची दुपटी मऊ असतात, घाम शोषतात, उन्हात वाळतात. पुढून उघडणारी नाडीची सहा-आठ झबली, तीन-चार टोपडी, मोजे, एक कुंची, एक-दोन मेणकापडं आणि लंगोट मात्र भरपूर, दोन-अडीच डझन. थंडीत ते लवकर वाळत नाहीत, म्हणून रात्रीसाठी आणि प्रवासासाठी सर्वांत लहान मापाच्या डायपरचं एकच पाकीट घे. बाळ महिन्यात त्या मापातून बाहेर पडतं. नवे कपडे एकदा साध्या साबणानं धुऊन, चांगले खळबळून घे, डांबरगोळ्या ठेवलेल्या ट्रंकेतले तर नक्कीच.

झोपायला आईचा जुना पाळणा चालेल, कड्या-साखळ्या तपासून घ्या. तळाला सपाट, घट्ट गादी हवी. बाळ पाठीवर झोपवायचं, प्रत्येक वेळी. उशी, लोड, मऊ बेबी नेस्ट, जाड रजई, खेळणी यांपैकी काहीही आत नको. तोंडावर आलेलं ते बाळाला बाजूला सारता येत नाही. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवायची प्रथा आहे, तीही नको. जागेपणी, तुझ्या नजरेसमोर त्याला थोडा वेळ पोटावर घेतलंस की डोकं एका बाजूला चपटं होत नाही. मच्छरदाणी जरूर घे, दुमडणारी चांगली. कॉइलचा धूर बाळाच्या खोलीत नको. त्याच कारणासाठी शेक-शेगडी आणि धुरीही नको. हे आईला आणि न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईंना आधीच, प्रेमानं पण स्पष्ट सांगून ठेव. हलक्या हाताचं मालीश छानच, खोबरेल पुरे. कानात-नाकात तेल नाही, डोळ्यांत काजळ नाही, नाळेला काही लावायचं नाही, ती कोरडी राहिली की आपोआप गळते. अंगाला लावायची पावडरही नको, ती उडून श्वासात जाते.

आई सहाण काढेल. गुटी उगाळायची तिची इच्छा प्रेमापोटीच आहे, पण सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय बाळाच्या तोंडात काही जायचं तर ते डॉक्टरांनी लिहिलेलं औषध. डी जीवनसत्त्वाचे थेंब, रोज 400 युनिट, ते लिहून देतील. मध तर वर्षभर चाटवायचाच नाही, जन्मल्यावर सोन्याच्या अंगठीनंही नाही. त्यातून होणारी विषबाधा लहान बाळाचे स्नायू लुळे पाडते. आईला हे मी म्हटलंय म्हणून सांग, तुझ्यावर राग नको.

वॉकर तर कधीच नको. कॅनडानं 2004 मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. त्यात मूल चालायला लवकर शिकत नाही, जिन्यावरून मात्र लवकर पडतं.

आणि नवऱ्याची एक वस्तू मी मनापासून उचलून धरते: कार सीट. दवाखान्यातून घरी आणि मग सातारा-पुणे महामार्गावर बाळ गाडीनं जाणार असेल, तर मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसणारी, नवजात बाळाच्या मापाची सीट घ्या. धक्का बसला तर मांडीवरचं बाळ कोणत्याही आईला धरून ठेवता येत नाही. 2019 च्या मोटार वाहन सुधारणेनं चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर हजार रुपये दंडही ठेवलाय. पट्ट्यांची सवय व्हावी म्हणून नवऱ्याला ती आधी रिकामीच दोन-चारदा बसवून बघू दे. पैसे घालायचे तर इथे घाला, आणि उरलेले स्वयंपाकाला आणि लंगोट-दुपटी धुवायला दोन महिने बाई लावायला ठेवा. जेवून-झोपून असलेल्या बाळंतिणीला पाजणं निम्मं सोपं जातं.

सासूबाईंचं म्हणणं मोडू नकोस. त्यांच्या मनात भीती आहे, आणि यादी इतकी छोटी झाल्यावर त्यांचं म्हणणं पाळता येतं. लंगोट-दुपटी आईकडे धुऊन ठेवलेली असू देत, तो घरातलाच कपडा आहे. कार सीट पुण्याच्या घरी गाडीत. बाकी काही लागलं तर बाळ झाल्यावर अर्ध्या दिवसात साताऱ्याच्या पेठेतून येतं. पहिलं झबलं एखाद्या गुटगुटीत बाळाचं वापरलेलं घालायची आपल्याकडे रीत आहे. ते सासूबाईंनाच त्यांच्या ओळखीतून आणायला सांग, त्यांना बरं वाटेल आणि कपडा मऊ मिळेल.

शेवटी एका कागदावर हे लिहून पाळण्याशेजारी चिकटव: बाळ प्यायचं थांबलं, मलूल झालं, अंग थंड पडलं किंवा काखेतला ताप 38 च्या वर गेला, श्वास मिनिटाला 60 हून जास्त झाला किंवा छाती आत ओढली जातेय, तळहात-तळपाय पिवळे दिसले, झटके आले, बेंबीतून पू आला. यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. बाळाच्या डॉक्टरांचा नंबर, आशाताईंचा नंबर आणि रुग्णवाहिकेसाठी 108 त्याखाली मोठ्या अक्षरांत लिही, म्हणजे घरात जो कुणी जागा असेल त्याला फोन लावता येईल.

तुझी,
मावशी